एका भुंगेऱ्याचे उशिरा झालेले बारसे

१२ फेब्रुवारी २०१४ रोजी 'झूकीज' या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. अर्जेंटिनातील एका भुंगेऱ्याचे वर्णन हा त्याचा विषय. लेखक होते स्टिलियानोस चॅट्झिमानोलिस, अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या चॅटानूगा येथील कीटकशास्त्रज्ञ. भुंगेऱ्याला त्यांनी नाव दिले 'डार्विनिलस सेडारिसी'. एरवी असे लेख त्या विषयातले पाचपन्नास अभ्यासक वाचतात आणि बाजूला ठेवतात. या लेखाची मात्र जगभर बातमी झाली. कारण उघड होते. हा भुंगेरा चार्ल्स डार्विनने १८३२ मध्ये 'बीगल' जहाजाच्या सफरीत स्वतः गोळा केला होता, आणि लेख प्रसिद्ध झाला तो दिवस डार्विनच्या २०५ व्या जयंतीचा होता.

बातम्यांचा सूर साधारण असा होता: डार्विनचा हरवलेला किडा सापडला आणि एका विनोदी लेखकाचे नाव त्याला मिळाले. हे खोटे नाही. पण एवढेच वाचणाऱ्याचे दोन गैरसमज होतात. नवी जाती शोधणे म्हणजे रानात एखादा न पाहिलेला किडा हाती लागणे, हा पहिला. आणि तिचे वर्णन करणे म्हणजे बारसे, हा दुसरा. मूळ लेख वाचला की दोन्ही समज गळून पडतात. म्हणून बातमी बाजूला ठेवून त्या लेखाचेच परीक्षण येथे करायचे आम्ही ठरवले आहे. कादंबरीचे परीक्षण होते, पाठ्यपुस्तकाचे होते. मग जातिवर्णनाचे का होऊ नये? तेही एक लेखन आहे. त्याची स्वतःची शिस्त आहे, बलस्थाने आहेत, आणि उणिवाही आहेत.

प्रथम शब्दांचा एक घोळ दूर करू. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'जाती' हा वर्गीकरणातला सर्वांत खालचा गट आणि 'प्रजाती' हा त्याच्या वरचा गट, असे शब्द आहेत. वर्तमानपत्रे मात्र 'जाती'लाच सर्रास 'प्रजाती' म्हणतात. या लेखात आम्ही पाठ्यपुस्तकाचीच भाषा वापरतो. या भुंगेऱ्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चॅट्झिमानोलिस यांनी एक नवी जातीच नव्हे, तर एक नवी प्रजातीही मांडली आहे.

भुंगेरा कोणता?

डार्विनिलस हा 'स्टॅफिलिनिडी' कुलातला भुंगेरा. इंग्रजीत या कुलातल्या कीटकांना रोव्ह बीटल म्हणतात. आजवर जगात सुमारे चार लाख भुंगेऱ्यांच्या जातींचे वर्णन झाले आहे. त्यांपैकी साठ हजारांहून अधिक एकट्या या कुलात आहेत. तरीही मराठीत या कुलाला सर्वमान्य नाव नाही. आपल्या डोळ्यांसमोर भुंगेरा म्हटले की पाठीवर पूर्ण कवच असलेला, गोल किंवा लांबट किडा येतो. रोव्ह बीटल तसा दिसत नाही. त्याचे पुढचे, कवचासारखे पंख अगदी आखूड असतात. जणू पाठीवर अर्ध्या बाह्यांचे बंडीवजा जाकीट घातलेले. उदराचे बहुतेक खंड उघडे राहतात, म्हणून हा किडा उदर हवे तसे वाकवू शकतो. कित्येक जाती तर धोका दिसताच विंचवासारखे शेपूट वर करतात, आणि मुले त्यांना भुंगेरा मानायलाच तयार होत नाहीत.

मग यांना उडता येते का? बहुतेकांना येते. उडण्याचे पातळ पंख त्या आखूड कवचांखाली घड्या घालून ठेवलेले असतात. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने या घड्यांचे चित्रण केले. तेव्हा असे दिसले की डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या एकसारख्या नसतात. मोठी चादर छोट्या उशीच्या अभ्य्रात कोंबायची, आणि क्षणात पुन्हा सरळ उलगडायची, असे हे काम आहे.

पालापाचोळा, शेण, कुजके लाकूड, अळंबी, मुंग्यांची वारुळे अशा ठिकाणी हे कीटक राहतात. बहुतेक शिकारी आहेत. काही एक मिलिमीटरहूनही लहान, तर काही तीन सेंटिमीटरहून मोठे. डार्विनिलस सेडारिसी हा त्यांतल्या मोठ्यांपैकी. त्याच्या डोक्यावर व छातीवर धातूसारखी चकाकी आहे. शृंगिका, म्हणजे आपण ज्यांना मिशा म्हणतो त्या, करवतीच्या पात्यासारख्या दातेरी आहेत.

एकशे ब्याऐंशी वर्षे

'बीगल' २७ डिसेंबर १८३१ रोजी प्लिमथहून निघाले. १८३२ च्या सप्टेंबरात ते अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बाहिया ब्लांका येथे पोहोचले. डार्विन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. याच परिसरात त्याला नामशेष झालेल्या महाकाय सस्तन प्राण्यांची हाडे मिळाली आणि पुढे ती प्रसिद्ध झाली. त्याच मुक्कामात त्याने कीटकही गोळा केले. हाडांचा गाजावाजा झाला. कीटकांच्या पेट्या इंग्लंडला गेल्या, वेगवेगळ्या अभ्यासकांकडे वाटल्या गेल्या, आणि त्यांतल्या काही नमुन्यांचे वर्णन राहून गेले.

आपला भुंगेरा असाच लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पडून होता. चॅट्झिमानोलिस यांनी अभ्यासासाठी संग्रहालयाकडून काही नमुने उसने मागवले. त्यांत हा निघाला. संग्रहालये एकमेकांना आणि अभ्यासकांना असे नमुने देत असतात, वाचनालयातून पुस्तक द्यावे तसे. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवरून तो डार्विनचा असल्याचे कळले. पुढे बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात दुसरा एक नमुना मिळाला. तो कोर्दोबा प्रांतातल्या रिओ क्वार्तो येथून १९३५ पूर्वी गोळा झालेला होता.

गोळा केल्यापासून वर्णन होईपर्यंत १८२ वर्षे! हा अपवाद खरा, पण वाटतो तितका विलक्षण नाही. फ्रेंच संशोधकांनी २०१२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. नव्या जातीचा पहिला नमुना गोळा होण्यापासून तिचे वर्णन छापून येण्यापर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षे जातात, असे त्यांना दिसले. म्हणजे जे मूल आज बालवाडीत बसले आहे ते पदवीधर होईपर्यंत किडा खणातच. याचे कारण आळस नव्हे. गोळा करणारे हात पुष्कळ असतात. पण एकेका कुलातल्या हजारो जातींतून 'ही त्यांपैकी कोणतीच नव्हे' असे खात्रीने सांगू शकणारे डोळे जगात मोजकेच आहेत. तेव्हा पहिला गैरसमज येथे संपतो. ही जाती रानात सापडली नाही. ती खणात सापडली, आणि सापडली ती तुलना करणाऱ्या माणसाला.

लेखाचे बळ

आता लेखाकडे वळू. डझनभर पानांचा हा लेख आहे. जातिवर्णनाची मांडणी जवळजवळ ठरलेली असते. नाव, कोणता नमुना प्रमाण मानला ते, ओळखीची लक्षणे, सविस्तर वर्णन, कोठे आढळते, राहणी काय, आणि नावाची व्युत्पत्ती. वाचणाऱ्याला ही भाषा कोरडी वाटते. वाक्यांत क्रियापद क्वचितच असते. डोके असे, शृंगिकेचा अमुक खंड लांबीपेक्षा रुंद, ठिपके इतके. सातबाराच्या उताऱ्यात जशी रंगतदार वाक्ये नसतात, तशी येथेही नसतात. आणि कारणही तेच आहे. त्या शब्दांवर उद्या कोणी वाद घालणार आहे, म्हणून शब्द मोजून वापरायचे.

या मांडणीतले दोन भाग शिक्षकांनी नीट वेगळे करून पाहावेत. एक 'वर्णन', दुसरी 'ओळखलक्षणे'. वर्णन म्हणजे किड्याविषयी जे दिसते ते सारे. ओळखलक्षणे म्हणजे त्यांतली तेवढीच, जी त्याला जवळच्या नातलगांपासून वेगळे काढतात. सहा पाय आहेत हे वर्णनात येईल, ओळखलक्षणांत येणार नाही. कारण सहा पाय सगळ्याच कीटकांना आहेत. परीक्षेत 'झुरळाची लक्षणे लिहा' असा प्रश्न आला की आपली मुले दहा ओळी भरतात. त्यांतली किती लक्षणे झुरळाची, आणि किती कोणत्याही कीटकाची, हे आपण क्वचितच विचारतो. चॅट्झिमानोलिस यांच्या लेखातला हा भाग म्हणून आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. दातेरी शृंगिका आणि इतर लक्षणे यांच्या आधारे हा किडा ज्ञात प्रजातींपैकी कशातच का बसत नाही, याचा तो युक्तिवाद आहे.

दुसरे बळ म्हणजे नराच्या जननेंद्रियाची चित्रे. शाळकरी वाचकाला हे विचित्र वाटेल. पण कीटकांत, विशेषतः भुंगेऱ्यांत, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जातींचा फरक पुष्कळदा या एका अवयवाच्या आकारात दिसतो. त्यामुळे कुलूप आणि किल्ली यांसारखा हा पुरावा अभ्यासक आवर्जून देतात.

तिसरे बळ प्रमाण नमुन्याचे. डार्विनचा नमुना हा 'होलोटाइप' ठरवला आहे, आणि तो लंडनला आहे. बर्लिनचा नमुना 'पॅराटाइप', म्हणजे जोडीचा साक्षीदार. होलोटाइपचे महत्त्व काय? 'डार्विनिलस सेडारिसी' हे नाव कायमचे त्या एका टाचणीवरच्या किड्याला बांधलेले आहे. वर्णनात चूक निघाली तर वर्णन बदलेल; नमुना बदलणार नाही. मीटर म्हणजे किती, याचे उत्तर एकेकाळी पॅरिसजवळच्या एका धातूच्या पट्टीकडे बोट दाखवून दिले जाई. मीटरची व्याख्या पट्टीपासून केव्हाच सुटली. जातींची नावे मात्र आजही नमुन्यालाच बांधलेली आहेत.

येथे दुसरा गैरसमजही संपतो. बारशात ठेवलेले नाव कोणी खोडून काढत नाही. जातिवर्णन हा दावा असतो, आणि दावा खोडता येतो. उद्या कोणी दाखवून दिले की हाच किडा पूर्वीच दुसऱ्या नावाने वर्णिला गेला होता, तर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आधीचे नाव चालेल आणि हे मागे पडेल. अशी मागे पडलेली नावे हजारोंनी आहेत. यात कमीपणा नाही. ज्याची तपासणीच होऊ शकत नाही, त्याला शास्त्रात जागा नाही.

कोठे कमी पडतो?

पण परीक्षण म्हणजे केवळ पाठ थोपटणे नव्हे. काही प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न नव्या प्रजातीचा. एखादी जाती नवी आहे, हे म्हणणे तुलनेने सोपे. नवी प्रजाती मांडणे म्हणजे नात्यागोत्याविषयी बोलणे. आणि एकाच जातीची प्रजाती मांडली की ती वेगळी आहे एवढे कळते. ती कोणाच्या जवळची आहे हे तितकेसे कळत नाही. घरातल्या मोठ्या मंडळींना आपण विचारतो की हा मुलगा कोणाचा? 'तो आमच्यातला नाही' हे उत्तराचे अर्धेच झाले. लेखकाने या भुंगेऱ्याला 'झँथोपायजिना' या उपगटात ठेवले आहे आणि त्याची कारणे दिली आहेत, हे मान्य. पण त्याचे सख्खे कोण, हा प्रश्न पुढच्या अभ्यासकासाठी उरला आहे.

दुसरा प्रश्न संख्येचा. दोन नमुन्यांवरून जाती. एकाच जातीतले किडे सगळे सारखे नसतात. लहान-मोठे, फिके-गडद असा फरक असतोच. दोन नमुन्यांवरून या फरकाचा अंदाज येत नाही. तो काय खातो, अंडी कोठे घालतो, अळी कशी असते, वर्षातल्या कोणत्या दिवसांत दिसतो, यांतले काहीच हे दोन नमुने सांगू शकत नाहीत. लेखात जे आहे ते मृत शरीराचे वर्णन आहे, जगण्याचे नाही. यात लेखकाचा दोष नाही. जे नाही ते त्यांनी असल्यासारखे लिहिलेले नाही, हा उलट गुणच. पण वाचकाने हे ओळखले पाहिजे, की वर्णन म्हणजे माहितीचा शेवट नसून पहिली ओळ आहे.

तिसरा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. हा किडा अर्जेंटिनाचा. लेखात नोंदलेला एक नमुना लंडनला, दुसरा बर्लिनला. वर्णन करणारे अमेरिकेत. बाहिया ब्लांकाच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या गावाच्या भुंगेऱ्याचा नमुना पाहायचा असेल, तर त्याने जायचे कोठे? हा प्रश्न आपल्याला परका नाही. भारतातल्या रोव्ह बीटलांवरचा मोठा ग्रंथ माल्कम कॅमेरॉन या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरांनी लिहिला. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत १९३० ते १९३९ या काळात त्याचे भाग निघाले. कॅमेरॉन यांचा संग्रह लंडनच्या त्याच संग्रहालयात आहे. सह्याद्रीतल्या एखाद्या किड्याचे नाव पक्के करायचे, तर आजही पुष्कळदा लंडनमधल्या टाचणीपर्यंत जावे लागते.

तो काळ साम्राज्याचा होता, नमुने जहाजांबरोबर गेले, आणि ते तेथे जपले गेले म्हणूनच आज अभ्यासाला मिळतात; हेही तितकेच खरे. कोणाला शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. काही प्रमाणात तो सुटतो आहे तो दुसऱ्या वाटेने. 'झूकीज' हे नियतकालिक कोणालाही विनामूल्य वाचता येते. त्यात रंगीत, मोठी छायाचित्रे असतात. कॅमेरॉन यांच्या ग्रंथाच्या प्रतीही आता संगणकावर पाहता येतात. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे, मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. चित्र पाहणे म्हणजे नमुना पाहणे नव्हे. पण दारच बंद होते, त्यापेक्षा बरे.

नावाविषयी

आता ज्या गोष्टीची सर्वाधिक बातमी झाली, ते नाव. प्रजातीचे नाव डार्विनवरून, यात वाद नाही. जातीचे नाव अमेरिकन विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यावरून. चॅट्झिमानोलिस नमुने तयार करताना सेडारिस यांची ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकत असत, म्हणून.

'सेडारिसी' या शब्दातला शेवटचा 'ई' म्हणजे लॅटिनमधली षष्ठी विभक्ती. आपल्या 'चा-ची-चे'चे काम तो करतो. पुरुषाच्या नावाला हा प्रत्यय, स्त्रीच्या नावाला वेगळा. मराठीच्या तासाला विभक्ती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे; मुलांना गंमत वाटेल.

अशा नावांना नाके मुरडणारे लोक आहेत. भुंगेऱ्याशी ज्याचा संबंध नाही, त्याचे नाव भुंगेऱ्याला कशाला? आमचे मत थोडे वेगळे आहे. नाव हा पत्ता आहे, प्रशस्तिपत्र नव्हे. पोस्टमनला रस्त्याचे नाव कोणावरून पडले याच्याशी देणे-घेणे नसते. पत्र बिनचूक पोहोचावे एवढेच त्याला हवे. नावाने माणसांचे लक्ष वेधले तर त्यातही वावगे काही नाही. आमचा आक्षेप आहे तो तोल जाण्यावर. डझनभर पानांत नावाची व्युत्पत्ती दोन-चार ओळींची, आणि बातमीत तीच अर्धीअधिक. दातेरी शृंगिकांना बातमीत कितीशी जागा मिळाली? आणि ज्या एका वाक्याने वाचकाची झोप उडायला हवी, ते वाक्य तर बहुतेकांच्या नजरेतून निसटलेच.

नांगराखाली गेलेली जमीन

ते वाक्य असे काहीसे सांगते: बाहिया ब्लांका आणि रिओ क्वार्तो यांच्या दरम्यानचा बहुतेक प्रदेश आता शेतीखाली आला आहे, आणि हा भुंगेरा तेथे अजून असेल का, याची शंका आहे. हा पाम्पाचा गवताळ प्रदेश. १८३३ मध्ये डार्विनने बाहिया ब्लांकाहून ब्वेनोस आयरेसपर्यंत हा प्रदेश घोड्यावरून ओलांडला होता. आज तेथे धान्याची आणि सोयाबीनची अफाट शेते आहेत. हा किडा आकाराने मोठा आहे, चमकदार आहे. असता तर संग्राहकांच्या नजरेतून सुटला नसता. तरीही १९३५ नंतर गोळा झालेल्या एकाही नमुन्याची नोंद या लेखात नाही.

याचा अर्थ काय? कदाचित तो कोठेतरी एखाद्या न नांगरलेल्या तुकड्यात आहे. कदाचित नाही. नसेल, तर ज्याला आपण बारसे म्हटले तो मृत्युलेख ठरतो. ज्या जातीला नावच नाही, ती नाहीशी झाल्याची तक्रार कोण करणार? वाघ कमी झाला तर मोजता येतो, कारण वाघ म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पालापाचोळ्यातल्या हजारो जातींची मोजणी त्यांच्या वर्णनाशिवाय सुरूच होऊ शकत नाही. म्हणून कोरडे वाटणारे हे लेखन आम्हांला निकडीचे वाटते.

आपल्या दिव्याखालचा नातलग

अर्जेंटिनातल्या दोन टाचलेल्या किड्यांचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. त्याला याच कुलातला आपल्याकडचा एक किडा दाखवावा. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याभोवती एक बारीक, लांबट किडा येतो. छाती नारिंगी, डोके काळे, पंखांची आखूड कवचे निळसर-हिरवी, उदर नारिंगी आणि टोकाला काळे. तो चावत नाही, नांगीही मारत नाही. पण अंगावर बसलेला हा किडा हाताने चिरडला, की दुसऱ्या दिवशी तेथे लालभडक पट्टा उठतो, आग होते, फोड येतात. पुष्कळ घरांत याला 'नागीण' समजून नको ते उपचार होतात. २०२२ मध्ये सिक्कीममधल्या एका महाविद्यालयात अशा किड्यांमुळे पुष्कळ विद्यार्थ्यांना त्रास झाला, तेव्हा 'नैरोबी माशी' या नावाने बातम्या आल्या. ही माशीही नव्हे, आणि आपल्याकडच्या किड्याने नैरोबीहून येण्याचे कारणही नाही. ही पीडेरस प्रजाती, आणि ती आपल्या देशात पूर्वीपासून आहे.

तिच्यातली 'पीडेरस फ्यूसिपीस' ही जाती युरोपापासून आशियापर्यंत पसरलेली आहे. तिचे वर्णन इंग्लंडमध्ये जॉन कर्टिस यांनी १८२६ मध्ये केले. त्या एका नावाभोवती पुढे काय काय जमा झाले पाहा. त्वचेची आग करणारे द्रव्य 'पेडेरिन' हे आहे, हे डॉक्टरांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी शोधले. ते द्रव्य किडा स्वतः तयार करत नसून त्याच्या शरीरातले जीवाणू करतात, याचा जनुकीय पुरावा २००२ मध्ये मिळाला. भातशेतीच्या अभ्यासकांना दिसले की हाच किडा भातावरचे तुडतुडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचा तो मित्र आहे. त्वचारोगाचा डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ आणि शेतीतज्ज्ञ हे तिघे एकमेकांना कधी भेटले नसतील. पण तिघे एकाच किड्याविषयी बोलत आहेत, ही खात्री त्यांना कोणी दिली? १८२६ च्या त्या वर्णनाने. डार्विनिलसच्या नावाभोवती असे काही जमण्याआधीच तो गेला असेल, तर आपले नेमके काय गेले हेही आपल्याला कळणार नाही.

हा किडा अंगावर बसला तर चिरडू नये, फुंकरीने उडवावा आणि जागा साबणाने धुवावी, हे मुलांना जरूर सांगावे.

वर्णनाची कसोटी

चांगल्या वर्णनाची कसोटी एकच. ज्याने तो किडा कधी पाहिला नाही, त्याला ते वाचून तो ओळखता आला पाहिजे. ही कसोटी वर्गात लावून पाहता येते. पाच-सहा प्रकारची पाने घ्या. एकमेकांसारखी दिसणारी असली तर उत्तम: आंबा, जांभूळ, करंज, फणस, बकुळ. एका गटाने त्यांतल्या एकाच पानाची ओळखलक्षणे लिहावीत. नाव लिहायचे नाही, आणि 'हिरवे', 'सुंदर', 'मध्यम' असे शब्द वापरायचे नाहीत. दुसऱ्या गटाने तेवढा कागद वाचून ते पान ढिगातून काढावे. पहिल्या वेळी बहुतेक कागद नापास होतील. मग मुले आपणहून पट्टी मागतील, कडा पाहतील, शिरा मोजतील, देठाची लांबी लिहितील. आणि वापरलेले पान जपून ठेवावे लागते, नाहीतर वाद मिटत नाही, हेही त्यांना कळेल. होलोटाइप म्हणजे काय हे सांगायला मग वेगळी व्याख्या लागणार नाही. पानासोबत तारीख, जागा आणि गोळा करणाऱ्याचे नाव असलेली चिठ्ठी लावायला सांगावी. डार्विनच्या किड्यालाही चिठ्ठी होती, म्हणूनच तो १८२ वर्षांनी बोलू शकला.

या कसोटीवर चॅट्झिमानोलिस यांचा लेख उतरतो का? आमच्या मते उतरतो. बाहिया ब्लांकाच्या आसपास उद्या कोणाला हा भुंगेरा दिसला, तर हा लेख हाती घेऊन त्याला तो ओळखता येईल. नात्याचा प्रश्न त्याने पुरा सोडवलेला नाही, जगण्याविषयी तो गप्प आहे, आणि त्याचे पुरावे त्या किड्याच्या देशाबाहेर आहेत. या उणिवा आहेत, आणि त्या लेखकाएकट्याने भरून काढण्यासारख्या नाहीत. पण शोधायचे काय, हे त्याने पक्के केले आहे. आता कोणीतरी पाम्पात जाऊन बांधाकडेचे गवत उचकून पाहिले पाहिजे.